अल्गॉन्क्विनचे ट्रेल: परमिटपासून परतीच्या मेसेजपर्यंत

अल्गॉन्क्विन म्हणजे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातलं जंगल आणि तळ्यांचं उद्यान. सप्टेंबर लागला की टोरांटोजवळच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टनमधल्या मित्रमंडळींचे फोन सुरू होतात. “शनिवारी अल्गॉन्क्विनला निघालोय, कुठला ट्रेल करू?” मी विचारतो, “परमिट काढलंस का?” पलीकडे क्षणभर शांतता. मग, “ते गेटवर मिळेल की!”

चुका इथूनच सुरू होतात. आणि चुकणारी माणसं नवखी नसतात. राजगड-तोरणा एका दमात केलेली, हरिश्चंद्रगडावर मुक्काम ठोकलेली असतात. इथे त्यांना ती सवयच नडते. सह्याद्रीत वाट चुकली तर ढोरवाट धरून उतरावं, कुठली तरी वाडी लागते, कुणी तरी मामा अंगणातून हात करून रस्ता दाखवतात. अल्गॉन्क्विनमध्ये खाली उतरलं की तळं लागतं. ते वळसा घालून पार केलं की दुसरं तळं. साधारण ७,६०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात २,४०० च्या वर तळी आहेत आणि काठावर उभं राहून बघितलं तर सगळी सारखीच. मान वर करून बघावा असा बालेकिल्ला नाही, सुळका नाही. झाडांच्या मागे झाडं.

म्हणून इथे क्रम महत्त्वाचा: आधी महिना, मग परमिट, मग उजेडाचा हिशेब, आणि त्यात जो बसेल तो ट्रेल. बहुतेक जण फोटो बघून ट्रेल ठरवतात आणि बाकीचं त्यात कोंबतात. हा लेख मुख्यतः उद्यानातून जाणाऱ्या हायवे ६० वरच्या एका दिवसाच्या ट्रेलसाठी आहे. मुक्कामाच्या ट्रेकबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

## टप्पा १: महिना ठरवा

रंग बघायला जाणारे टोरांटोतल्या झाडांवरून अंदाज बांधतात आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या (इथे तो ऑक्टोबरचा दुसरा सोमवार) शनिवारी पोचतात. तोवर मेपल बोडके झालेले असतात. उद्यान उत्तरेला आहे आणि उंचावरही, त्यामुळे तिथे रंग लवकर येतो. शुगर मेपलचा लाल-केशरी बहर साधारण सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचे पहिले काही दिवस. त्यानंतर बर्च आणि अ‍ॅस्पेनचा पिवळा, आणि ऑक्टोबरच्या मध्याला दलदलीतले टॅमरॅक सोनेरी होतात. मला स्वतःला हे टॅमरॅकचे दिवस जास्त आवडतात, कारण तेव्हा गर्दी ओसरलेली असते. पण घरच्यांना लाल जंगलाचं वचन देऊन तेव्हा नेऊ नका.

मेचा मध्य ते जूनचा शेवट म्हणजे ब्लॅक फ्लायचा हंगाम. ही माशी चावताना कळत नाही. केसांच्या कडेला, कानामागे, मोज्याच्या वर शिरते. हात सहज कानामागे गेला आणि बोटाला रक्त लागलं की समजायचं. गडद रंगाकडे ती जास्त येते, म्हणून त्या दिवसांत फिकट, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडावर जाळीची टोपी. डास जूनपासून पुढे त्रास देतात. डीट असलेला स्प्रे घ्या. कॅनडात मोठ्यांसाठी ३० टक्क्यांपर्यंतचा मिळतो. लहान मुलांसाठी डब्यावरची सूचना वाचूनच वापरा.

मुलं लहान असतील आणि पहिलीच खेप असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. माश्या कमी, गर्दी बेताची, दिवस अजून मोठा.

## टप्पा २: परमिट काढा, बाकी सगळं त्यानंतर

हायवे ६० वरून न थांबता पार जायला परमिट लागत नाही. पण ट्रेलच्या पार्किंगला, पिकनिकच्या जागी किंवा व्हिजिटर सेंटरला थांबलात की दिवसाचं वाहन परमिट हवंच. ते ऑन्टारियो पार्क्सच्या संकेतस्थळावर निघतं.

१. आधी खातं उघडून ठेवा. ऐन वेळी पासवर्डचा ईमेल शोधत बसलात तर जागा गेली.

२. परमिट जाण्याच्या तारखेच्या ५ दिवस आधी, सकाळी ७ वाजता खुलं होतं. शनिवारी जायचं तर सोमवारी सकाळी ७. रंगांच्या दिवसांत शनिवार-रविवारची परमिटं संपतात, आणि मग गेटवर जाऊन काही उपयोग होत नाही. फोनवर ६:५० चा गजर लावा.

३. जागा निवडताना हायवे ६० चा भागच निवडलाय ना, हे बघा. उद्यानात शिरायच्या इतरही वाटा आहेत आणि त्या या हायवेला जोडलेल्या नाहीत.

४. परमिट गाडीगणिक असतं. दोन कुटुंबं दोन गाड्यांतून जाणार असतील तर दोन परमिटं. त्यावर गाडीचा नंबर येतो, म्हणून कुणाची गाडी न्यायची हे आदल्या रात्री नाही, परमिट काढतानाच ठरवा.

५. कागदावर छापून घ्या आणि डॅशबोर्डवर ठेवा. तिथे फोनला रेंज असेलच असं नाही.

सावधान: अल्गॉन्क्विन म्हणून फिरणाऱ्या फोटोंत एक खोल दरी दिसते, खाली नदी आणि दोन्ही बाजूंना सरळ कडे. ती बॅरन कॅन्यन. ती उद्यानाच्या पूर्व टोकाला आहे आणि पेम्ब्रोकच्या बाजूने जावं लागतं. हायवे ६० चं परमिट काढून, वेस्ट गेटला पोचून “कॅन्यन किती लांब?” असं विचारणारी माणसं मी दोनदा पाहिलीत. तिथला ट्रेल जेमतेम दीड किलोमीटरचा आहे, पण कडा सुमारे १०० मीटर खोल आणि कठडा नाही. लहान मुलांचा हात धरूनच चालायचं.

## टप्पा ३: उजेडाचा हिशेब मांडा

हा टप्पा जवळपास प्रत्येक जण गाळतो.

घरून निघायच्या आदल्या दिवशी त्या तारखेचा सूर्यास्त बघा. अल्गॉन्क्विनमध्ये १ ऑक्टोबरला तो साधारण ७ वाजता होतो, १५ ऑक्टोबरला साडेसहाच्या आसपास. दाट झाडीत अंधार त्याआधीच पडायला लागतो. म्हणून माझा नियम: सूर्यास्ताच्या दीड तास आधी गाडीपाशी. म्हणजे १ ऑक्टोबरला साडेपाचला.

आता वेग. फोटो, पाणी, मुलाचा बूट, आजीचं बसणं धरून कुटुंबाचा वेग ताशी २ किलोमीटर धरा. ३ नाही. सपाट आहे म्हणून ४ तर नाहीच. झाडांची मुळं, ओल्या फळ्या आणि चिखल यांमुळे सपाटीवरही पाय जपून टाकावा लागतो.

उदाहरणार्थ, ७.५ किलोमीटरच्या ट्रेलला ताशी २ च्या वेगाने पावणेचार तास, वर जेवणाचा अर्धा तास. साडेपाचला परत यायचं तर सव्वाला पहिलं पाऊल पडायला हवं. टोरांटोपासून वेस्ट गेट रहदारी नसताना तीन तास. रंगांच्या शनिवारी चार धरा आणि मध्ये कॉफीचा थांबा. म्हणजे सकाळी साडेसातला गाडी घराबाहेर. नऊला निघून “पोचू आरामात” म्हणणाऱ्यांनी हा ट्रेल सोडावा, आखूड घ्यावा.

हे मी स्वतः शिकलो ते फजितीतून. आईबाबा पहिल्यांदा आले होते, ऑक्टोबरचा मध्य, आणि मी त्यांना ट्रॅक अँड टॉवरवर दुपारी ३ वाजता चढवलं. अर्ध्या वाटेत बाबांच्या बुटाचा तळ सुटला. पाच वर्षं कपाटात पडलेले बूट, गोंद वाळून गेलेला. मी माझ्या बुटाची नाडी काढून तळ बांधला. आता दोघांचेही बूट निम्मे. शेवटचा तुकडा फोनच्या उजेडात, आणि फोनला १७ टक्के. आई मागून मोठ्याने रामरक्षा म्हणत होती. अस्वलाला आपली चाहूल लागण्यासाठी बोलत चालावं असं सांगतात, तेवढं आपोआप झालं.

तपासा: कागदावर तीन वेळा लिहिल्यात का? ट्रेल सुरू करायची वेळ, जिथे असू तिथून मागे फिरायची वेळ, गाडीपाशी पोचायची वेळ. मधली सगळ्यांत महत्त्वाची.

## टप्पा ४: हिशेबात बसणारा ट्रेल निवडा

हायवे ६० उद्यानाच्या दक्षिण भागातून सुमारे ५६ किलोमीटर जातो. वेस्ट गेट म्हणजे किलोमीटर शून्य, आणि सगळे ट्रेल त्या किलोमीटरवरून ओळखले जातात. नावापेक्षा हा आकडा लिहून ठेवा. रस्त्याकडेच्या पाट्यांवर तोच असतो आणि नकाशा बंद पडला तरी उपयोगी येतो. यांतले बहुतेक ट्रेल गोल आहेत, म्हणजे निघालात तिथेच परत.

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर. स्प्रूस बॉग, किलोमीटर ४२.५, लांबी दीड किलोमीटर. बराचसा फळ्यांच्या वाटेवरून, दलदलीच्या मधून, चढ जवळपास नाही. किंवा पेक लेक, किलोमीटर १९.२, दोन किलोमीटरच्या आसपास, एका तळ्याभोवती पूर्ण फेरी. पाण्याचा काठ सतत दिसत राहतो, त्यामुळे दिशा चुकण्याची भीतीही कमी. बीव्हर पाँड, किलोमीटर ४५.२, दोन किलोमीटर. बीव्हरने बांधलेला बांध जवळून बघायचा तर हाच.

वरून देखावा हवाय, पण वेळ कमी. लुकआउट ट्रेल, किलोमीटर ३९.७, लांबी फक्त २.१ किलोमीटर. आकडा बघून लोक फसतात. चढ खडा आहे. आपल्याकडच्या एखाद्या टेकडीच्या पायऱ्यांसारखा, फक्त पायऱ्या नाहीत, मुळं आहेत. वर उघडा कातळ आहे आणि कठडा नाही. रंगांच्या दिवसांत इथलं पार्किंग लवकर भरतं आणि लोक हायवेच्या कडेला गाड्या लावून रस्त्यावरून मुलांना चालवत आणतात. तसं करू नका. पार्किंग भरलं असेल तर पुढचा ट्रेल घ्या आणि संध्याकाळकडे परत येऊन बघा.

अर्धा दिवस आहे. बूथ्स रॉक, ५.१ किलोमीटर, माझा आवडता. किलोमीटर ४०.५ ला आत वळायचं आणि मग आठ-नऊ किलोमीटर कच्च्या रस्त्याने जायचं. हा रस्ता वेळेच्या हिशेबात कुणीच धरत नाही. देखावा लुकआउटच्या तोडीचा, माणसं कमी, आणि परतीची वाट जुन्या रेल्वेच्या सपाट पट्टीवरून, त्यामुळे दमलेल्या पायांना बरं. बॅट लेक, किलोमीटर ३०, ५.८ किलोमीटर, हाही चांगला. ट्रॅक अँड टॉवर, किलोमीटर २५, ७.५ किलोमीटर. नावात टॉवर असला तरी टॉवर आता नाही, त्या जागेवरून दिसणारं कॅश लेक आहे. आमच्या बाबांना हे वर पोचल्यावर कळलं, तुम्ही आधी सांगा.

पूर्ण दिवस आहे आणि सगळे चालणारे आहेत. इथे दोनच नावं, आणि त्यांची गल्लत होते. सेंटेनियल रिजेस, किलोमीटर ३७.६, सुमारे १०.४ किलोमीटर: चढउतार, कडे, देखावे. मिझी लेक, किलोमीटर १५.४, १०.८ किलोमीटर: चढ नाही, देखावा नाही, पण नऊ तळी-डबकी आणि प्राणी दिसण्याची उत्तम शक्यता, तीही सकाळी लवकर गेलात तर. दोन्हींना सहा तास ठेवा. मिझीवर कुत्रा नेता येत नाही. बाकी ट्रेलवर कुत्रा चालतो, पण पट्ट्याला बांधून.

मिझीबद्दल आणखी एक. पावसानंतर जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण चिखल आला की लोक वाटेच्या कडेने झुडपांतून जातात. कडेचा भाग मधल्यापेक्षा मऊ असतो. पाय घोट्यापर्यंत आत जातो, ओढला की ‘चप्प’ असा आवाज येतो आणि पाय वर येतो, बूट खालीच राहतो. सरळ चिखलाच्या मधून चाला. खाली दगड किंवा मुळं असतात, आणि वाटही रुंद होत नाही.

तपासा: निवडलेला ट्रेल मधूनच सोडता येतो का? गोल ट्रेलवर अर्ध्यापर्यंत आलात की पुढे आणि मागे अंतर सारखंच. म्हणून मागे फिरायचा निर्णय पहिल्या एक तृतीयांश वाटेतच घ्यावा लागतो.

## टप्पा ५: पिशवी

सगळी यादी देत नाही, फक्त ज्या गोष्टी आपली मंडळी चुकतात त्या.

जीन्स आणि सुती टी-शर्ट नको. घाम किंवा पावसाने भिजले की वाळत नाहीत, आणि सप्टेंबरच्या शेवटी दुपारी २० अंश असले तरी संध्याकाळी पारा झरझर उतरतो. आत पटकन वाळणारा कपडा, त्यावर फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. लोकरी मोजे, आणि एक जादा जोडी.

बूट आदल्या आठवड्यात घालून घराभोवती तासभर चाला. तळ वाकवून बघा, गोंद सुटत असेल तर दिसेल. कारण वर सांगितलंच आहे.

डोक्याला लावायची बॅटरी, माणशी एक. फोनचा टॉर्च म्हणजे बॅटरी नव्हे. शिट्टी मुलांच्या गळ्यात. माणशी दीड-दोन लिटर पाणी. तळ्याचं पाणी काचेसारखं दिसतं, पण तसंच पिऊ नका. त्यातल्या जिआर्डिया नावाच्या जंतूमुळे आठवडाभर पोट धरून बसावं लागतं. प्यायचंच तर उकळून किंवा फिल्टर करून.

खाण्यासाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाची ढेप, थर्मासमध्ये चहा. याहून सोयीचं मला काही सापडलेलं नाही. पण डबा घट्ट झाकणाचा हवा. खाऊन झाल्यावर फॉइल, संत्र्याची सालं, सांडलेला शेव, सगळं पिशवीत परत. चिपमंक (पट्टेरी खार) पायाशी येऊन उभी राहते, मुलं तिला शेंगदाणा द्यायला जातात. देऊ नका.

नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या, वाटेतल्या हंट्सव्हिल गावाच्या अलीकडे. घरच्यांपैकी, म्हणजे जो येत नाहीये अशा कुणाला तरी, ट्रेलचं नाव, किलोमीटरचा आकडा, गाडीचा नंबर आणि “इतक्या वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर ९११ ला कळव” असं लिहून पाठवा. “अल्गॉन्क्विनला जातोय” एवढंच लिहिणं म्हणजे “सातारा जिल्ह्यात जातोय” असं सांगण्यासारखं आहे. सातारा जिल्हा थोडा मोठा पडेल, एवढाच फरक.

## टप्पा ६: पोचणं

टोरांटोहून हायवे ४०० ने बॅरी, तिथून हायवे ११ ने हंट्सव्हिल, मग हायवे ६०. हंट्सव्हिलला पेट्रोलची टाकी भरा, अर्धी असली तरी. स्वच्छतागृहही तिथेच उरका. बहुतेक ट्रेलच्या तोंडाशी खड्ड्याचे संडास असतात, पण रांगेची आणि वासाची हमी मी देत नाही.

वाटेत दहा गाड्या कडेला थांबलेल्या दिसल्या तर तिथे मूस (अवाढव्य हरिण) असण्याची शक्यता मोठी. तो बघायचा मोह आवरत नाही, मान्य. गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्या, इंडिकेटर लावा, मुलांना हायवेच्या बाजूने उतरवू नका, आणि मूसपासून लांबच राहा. रंगांचे दिवस हेच नर मूसच्या माजाचे दिवस असतात. कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले तर तो रागावलाय. झाडाआड जा.

## टप्पा ७: पहिल्या पाटीपाशी पाच मिनिटं

गाडीतून उतरून थेट चालायला लागणं ही इथली सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक.

१. ट्रेलच्या तोंडाशी लावलेल्या नकाशाचा फोटो काढा. “मी इथे आहे” ही खूण फोटोत यायला हवी.

२. ट्रेलची पुस्तिका मिळाली तर घ्या. वाटेत क्रमांकाचे खांब आहेत आणि पुस्तिकेतली माहिती त्या क्रमांकांनी दिलेली आहे. या खांबांचा माझ्या लेखी खरा उपयोग वेगळा: किती चाललो हे कळतं. “आम्ही ५ नंबरपाशी आहोत” हे मदतीला येणाऱ्यालाही कळतं.

३. फेरी क्रमांकांच्या दिशेनेच करा. उलट चालणं बेकायदा नाही, पण मग पुस्तिका, खांब आणि डोकं यांचा मेळ बसत नाही.

४. फोन एअरप्लेन मोडवर. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

५. माणसं मोजा. सगळ्यांत पुढे कोण, सगळ्यांत मागे कोण, हे नावं घेऊन ठरवा. मागचा माणूस जाणता हवा.

## टप्पा ८: चालताना

झाडांवर आणि खांबांवर वाटेच्या खुणा असतात. एक खूण मागे पडल्यावर पुढची दिसायला हवी. पाच मिनिटं एकही खूण दिसली नाही तर थांबा आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. “पुढे असेलच” म्हणत जाऊ नका. शरद ऋतूत पडलेली पानं वाट आणि जंगल यांच्यातला फरकच पुसून टाकतात. सगळीकडे सारखाच पिवळा गालिचा. त्याच पानांखाली ओली मुळं असतात. मुळावर पाऊल आडवं पडलं की घसरलातच. मुळाच्या पलीकडे पाय टाका, मुळावर नको.

प्राण्यांच्या वाटाही माणसाच्या वाटेसारख्याच दिसतात. मूसची वाट छान रुंद असते आणि हमखास पाण्यात जाऊन संपते.

काळं अस्वल दिसलं तर पळू नका, झाडावर चढू नका, ते आपल्यापेक्षा चांगलं चढतं. मुलांना जवळ घ्या, एकत्र उभे राहा, शांत पण ठाम आवाजात बोला, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका, त्याला निघायला वाट मोकळी ठेवा. ते जवळ येतच राहिलं तर मोठे दिसा, ओरडा, हातातलं आपटा. अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग न करता प्रतिकार करायचा. बहुतेक वेळा ते तुम्हाला दिसायच्या आधीच निघून गेलेलं असतं. मला इतक्या खेपांत दोनदा दिसलं, दोन्ही वेळा फक्त मागची बाजू.

### वाट चुकलीच तर

सह्याद्रीची सवय इथे सोडायची. उतार धरू नका, पाण्याचा आवाज धरू नका. थांबा. बसा. पाणी प्या, काही खा. फोटोत काढलेला नकाशा आणि शेवटचा खांब आठवा. खात्रीने मागे जाता येत असेल तरच मागे जा, नाही तर तिथेच राहा. शिट्टी तीनदा, थोडं थांबून पुन्हा तीनदा. उबदार कपडे अंगात घाला, थंडी वाजायच्या आधी. ९११ लावून बघा, उंचवट्यावर कधी कधी रेंज येते. तुम्ही घरी दिलेला तो मेसेज आता कामाला येतो, पण तुम्ही सांगितलेल्या ट्रेलच्या आसपास असाल तरच. म्हणूनच ऐन वेळी ट्रेल बदललात तर व्हिजिटर सेंटरला थांबून, वाय-फाय मिळवून, तसं कळवा. ते किलोमीटर ४३ ला आहे.

## टप्पा ९: मुक्काम करायचा असेल तर

दोन-तीन एकदिवसीय खेपा झाल्याशिवाय हा टप्पा वाचू नका, असं लिहिणार होतो. वाचा, पण घाई नको. हायवे ६० वर पाठीवर सामान घेऊन जायचे दोन ट्रेल आहेत: हायलँड (फेऱ्या १९ आणि ३५ किलोमीटर) आणि वेस्टर्न अपलँड्स (३२, ५५ आणि ८२ किलोमीटर). पहिल्यांदा हायलँडची छोटी फेरी, तीही दोन रात्रींत.

आरक्षण ५ महिने आधी खुलं होतं. तुम्ही जागा नव्हे, तळं आरक्षित करता. त्या तळ्यावर पोचल्यावर नारिंगी पाटी असलेल्या मोकळ्या जागांपैकी कुठलीही घ्यायची. म्हणून दुपारी लवकर पोचलेला चांगली जागा घेतो. दमलो म्हणून अलीकडच्या तळ्यावर तंबू टाकायचा नाही, ती जागा दुसऱ्या कुणाची असते. एका जागेवर जास्तीत जास्त ९ माणसं, त्यामुळे चार कुटुंबांचा जथा एका जागेवर मावत नाही.

आतल्या भागात खाण्यापिण्याचे डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. आपल्या लोणच्याची बरणीसुद्धा त्यात येते. प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत काढून घ्या. अन्न, टूथपेस्ट, साबण, सुगंधी क्रीम सगळं एका पिशवीत घालून झाडाच्या फांदीवरून टांगायचं, जमिनीपासून निदान ४ मीटर वर आणि खोडापासून ३ मीटर लांब. तंबूत चॉकलेटचा कागदही नको. हे काम उजेडात करा. अंधारात दोरीला बांधलेला दगड फांदीवरून टाकायचा प्रयत्न मी केलाय, दगड माझ्याच खांद्यावर आला. आणि संडास म्हणजे झाकणाची लाकडी पेटी, भिंती नाहीत, छप्पर नाही. बरोबरच्या पाहुण्यांना हे निघायच्या आधी सांगा.

## टप्पा १०: परतताना

गाडीपाशी आल्यावर बसायच्या आधी पायांच्या मागे, गुडघ्याच्या खोबणीत, कमरेच्या पट्ट्याजवळ, मुलांच्या केसांत गोचीड आहे का बघा. सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, तेल-काडी नको. बूट बदला.

उद्यानातून बाहेर पडेपर्यंत संधिप्रकाश झालेला असतो आणि मूस रस्त्यावर येण्याची हीच वेळ. त्याचे पाय इतके लांब की दिव्यांचा झोत पोटाखालून जातो आणि डोळे चमकून दिसत नाहीत. रंग रात्रीसारखाच काळपट. वेग कमी ठेवा, आणि शेजारी बसलेल्याने झोपायचं नाही, ते काम मागच्या सीटवरच्यांचं. हंट्सव्हिलला रेंज आली की पहिला मेसेज त्या घरच्या माणसाला: बाहेर पडलो.